कोंबडीचं यंत्र, कोळिणीची अंडी : तीन तारे

बारा अंड्यांचं उबवणी यंत्र. अंडी आपोआप फिरवणारं, पारदर्शक झाकणाचं. ऑनलाइन ४५ पौंडांना घेतलं. खोक्यावर कोंबडीचं पिल्लू छापलंय, त्यामुळे चूक यंत्राची नाही, माझी आहे, हे आधीच कबूल करते. पण टॅरंटुला म्हणजे मोठ्या केसाळ कोळ्याच्या अंड्यांसाठी हे घेऊ का, असं इथे लीड्समध्ये मला दोघांनी विचारलं, म्हणून लिहितेय.

आमची गोदाक्का मेक्सिकन रेड नी जातीची, म्हणजे ब्रॅकीपेल्मा हॅमोरी. काळे पाय, गुडघ्यांवर केशरी पट्टे. मी सावंतवाडीची. आंबोलीच्या वाटेवर दरडीतल्या बिळांत काड्या घालून लहानपणी कोळ्यांना पुष्कळ छळलंय, त्याचीच फेड चाललीय बहुतेक. आईला व्हिडिओ कॉलवर पहिल्यांदा दाखवली तेव्हा ती म्हणाली, "मांजर गावलां नाय तुका?"

दोन वर्षांपूर्वी गोदाक्काने अंड्यांची पहिली पुरचुंडी विणली. (पुस्तकी शब्द अंडकोष आहे, पण तो लिहिला की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे भलतंच काहीतरी येतं.) शेजाऱ्यांकडे भिंतीला ड्रिल चालू होतं. अकराव्या दिवशी तिने सगळी पुरचुंडी खाऊन टाकली. घाबरलेली कोळीण असं करते. मग तिने कात टाकली. कातीबरोबर साठवलेलं नराचं बीजही जातं, म्हणून पुन्हा नर आणणं आलं. या मार्चमध्ये दुसरी पुरचुंडी दिसली आणि मी धसक्याने हे यंत्र मागवलं.

आता यंत्राबद्दल. सुरू केलं की आकडा थेट ३७.५ वर जातो. कोंबडीला तेच हवं असतं, पण माझ्या पुरचुंडीला २६-२७ अंश पुरे. खाली आणत गेले तर ३० वर अडलं, त्याच्या खाली जाईना. त्यातून आकड्यावर भरवसा नाही. घरातला साधा थर्मामीटर आत ठेवला तर दीड अंशाचा फरक. दोन दिवस रिकामं चालवून पाहिलं म्हणून हे कळलं, तेव्हा तेवढं तरी नक्की करा. पंखा फिरत राहतो, त्यामुळे पाण्याची खाच रात्रीत कोरडी पडते.

तिसाव्या दिवशी गोदाक्काला ग्लासाखाली झाकून लांब चिमट्याने पुरचुंडी काढली. तिने पोटावरचे केस उडवलेच. मनगट दोन दिवस खाजत होतं. पिंगपाँगच्या चेंडूएवढी, मळक्या पांढऱ्या रंगाची, हाताला जाड फडक्यासारखी. ती यंत्रात ठेवली. फिरवायची जाळी चालू झाली तशी पुरचुंडी दोन दांड्यांमध्ये अडकून फरफटत गेली. अंड्याला टणक कवच असतं, हिला नाही. जाळी बंद केली आणि दिवसातून चार वेळा हाताने वळवू लागले. कोळीण हे काम न सांगता करते: पुढच्या पायांत धरून उलटी, सुलटी, पुन्हा उलटी. एक बाजू खाली दबून राहिली तर अंडी चिकटतात, बुरशी धरते.

तीन दिवसांत एक कड कडक झाली, तेव्हा यंत्राचं बटण बंद केलं ते कायमचं. डिलिव्हरीचा प्लॅस्टिकचा डबा घेतला, तोंडावर नायलॉनचा जुना मोजा ताणून बांधला, खाली ओला टिश्यू. पुरचुंडी कात्रीने उघडून आतली मंडळी त्या झोळीवर ओतली. झाकणाला बारीक भोकं. डबा ठेवला गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात, नवऱ्याच्या टॉवेलांमध्ये. तिथे रात्रंदिवस २५-२६ असतं आणि वीजही वेगळी लागत नाही. नवऱ्याने आठवडाभर टॉवेल झटकल्याशिवाय वापरला नाही.

उघडली तेव्हा बहुतेक अंड्यांना पाय फुटले होते. साबुदाण्याला पाय आले तर कसा दिसेल, तसं. चाळीसेक सुकलेली निघाली. ती यंत्राच्या वाऱ्याने सुकली की आधीपासूनच फोल होती, हे कोण सांगणार? बाकीची पुढे कात टाकून चालायला लागली तेव्हा मोजली, २१२. पोटाच्या टोकाला काळा ठिपका. एकमेकांना खायला लागायच्या आत प्रत्येकाला वेगळी डबी दिली. दोन रविवार त्यातच गेले.

तीन तारे कशाचे? झाकण स्वच्छ आहे, आवाज कमी आहे आणि कोंबडीसाठी यंत्र चांगलं असावं. कोळिणीसाठी मात्र एक पैसा घालू नका. घरात ड्रिल चालू नसेल तर तीस दिवस तिच्याकडेच राहू द्या.

यंत्र समोरच्या घरातल्या बाईंनी तीस पौंडांना नेलं. एकविसाव्या दिवशी बारातली नऊ पिल्लं निघाली म्हणून त्या सांगत आल्या, आणि मागाहून विचारलं, एवढे मोजे का हो वाळत घालता?