क्लायंटचा आकडा की सिस्टीमचा?

क्लायंट (सर्व्हरशी बोलणारा आपल्याकडचा प्रोग्राम) सांगतो, सर्व्हरशी ८ कनेक्शन चालू आहेत. त्याच क्षणी नेटस्टॅट (ऑपरेटिंग सिस्टीमकडची कनेक्शन दाखवणारी कमांड) त्याच सर्व्हरच्या १४ ओळी दाखवतं. यात खोटं कुणीच नाही. दोघं वेगवेगळ्या गोष्टी मोजतात.

क्लायंट बहुधा लॉगिन पार पडून कामाला लागलेली कनेक्शन मोजतो. पूलमधली, म्हणजे पुन्हा वापरण्यासाठी उघडी ठेवलेली, रिकामी कनेक्शन काही क्लायंट धरतात, काही सोडून देतात. एचटीटीपी/२ या वेब प्रोटोकॉलमध्ये एकाच टीसीपी (नेटवर्कवरच्या प्रत्यक्ष) कनेक्शनवरून अनेक विनंत्या एकदम जातात. त्या प्रत्येकीला कनेक्शन म्हणणाऱ्या क्लायंटचा आकडा उलट फुगतो.

ऑपरेटिंग सिस्टीम सॉकेट, म्हणजे कनेक्शनची आपल्याकडची टोकं, मोजते. बंद झालेलं कनेक्शनही ‘टाइम-वेट’ म्हणून लिनक्सवर ६० सेकंद यादीत राहतं. वरच्या ८ आणि १४ मधला फरक अनेकदा एवढाच असतो.

पण सिस्टीमवरही डोळे झाकून विसंबू नये. सर्व्हरची वीज अचानक गेली आणि आपल्याकडून काही पाठवायचं नसेल, तर ते कनेक्शन ‘एस्टॅब्लिश्ड’ (जोडलेलं)च दिसत राहतं. समोरचा अजून आहे का हे पाहणारी लिनक्सची कीप-अलाइव्ह तपासणी मूळ सेटिंगमध्ये ७२०० सेकंदांनी सुरू होते, तीही प्रोग्रामने मागितली तरच. स्वतः पिंग (‘आहेस का?’ असा छोटा संदेश) पाठवणाऱ्या क्लायंटला हे कितीतरी आधी कळतं.

म्हणून पोर्ट (कनेक्शनला लागणारे क्रमांक) संपत असतील किंवा सॉकेट गळतीचा (वापरून बंद न केलेल्या सॉकेटचा) संशय असेल, तर मी सिस्टीमचाच आकडा धरेन. सेवा खरंच चालू आहे का, हे मात्र क्लायंटलाच विचारावं. मध्ये प्रॉक्सी (क्लायंटच्या वतीने सर्व्हरशी बोलणारा मध्यस्थ) असेल तर सर्व्हरकडचा आकडा तिसराच निघेल, कारण सर्व्हरला प्रॉक्सीचीच कनेक्शन दिसतात.