अँबॅसडरचं मागचं ऑइल सील : जो भाग इंजिनात नाही, त्याचं बिल

पुण्यात जुनी पेट्रोल अँबॅसडर सांभाळणाऱ्यांनी हे वाचावंच. कोथरूडच्या एका मालकांकडून मार्क ३ ची ऑइल गळती काढून देतो म्हणून एका गॅरेजने २८,००० रुपये घेतले. बिलावर चार ओळी : क्रँकचं (इंजिनाच्या फिरत्या मुख्य दांड्याचं) मागचं ऑइल सील, क्लच प्लेट, गिअरबॉक्स उतरवणं-चढवणं आणि सिंथेटिक ऑइलचा कॅन. गाडी आठ-दहा दिवस कोरडी राहिली. मग पार्किंगच्या फरशीवर पुन्हा तोच डाग.

या १४८९ सीसीच्या इंजिनाला कंपनीकडून मागे रबरी सील येतच नाही. क्रँकच्या मागच्या टोकावर स्क्रूच्या आट्यांसारखा चर कोरलेला असतो. क्रँक फिरला की तो चर तेल परत चेंबरकडे (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीकडे) ढकलतो, बस्स. म्हणून इंजिन बंद केल्यावर मागून दोन-चार थेंब पडणं हे या गाडीच्या रचनेतच आहे. सोसायटीच्या रॅम्पवर तोंड वर करून गाडी लावली तर जरा जास्तच पडतात. हे माहीत असलेला मिस्त्री ते आधीच सांगतो. न सांगता सीलचे पैसे लावतो, त्याला एक तर इंजिन कळत नाही, नाही तर समोरच्याला कळत नाही याची त्याला खात्री असते.

काही जण बाजारातलं दुसरं सील जुळवून बसवतात. पण त्यासाठी गिअरबॉक्स, क्लच, फ्लायव्हील उतरवावं लागतं, आणि गिअरबॉक्स काढायला आधी प्रॉपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत जाणारा दांडा) सोडावा लागतो. कोथरूडच्या या गाडीत शाफ्टच्या मागच्या फ्लँजच्या (जोडाच्या चकतीच्या) चारही नटांवर गंज आणि धुळीचा थर जसाच्या तसा होता, पान्याची एक खूण नाही. बेल हाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या क्लचच्या कवचाच्या) बोल्टवरही जुनं तेलकट कीट. गिअरबॉक्स हललाच नव्हता. मग गळती थांबली कशी? प्रेशरने इंजिन धुतलं होतं, एवढंच. धुतलेल्या इंजिनावर तेल पुन्हा ओघळून खाली यायला काही दिवस लागतात, आणि तेवढ्यात बिल चुकतं झालेलं असतं.

खरी गळती होती ब्लॉकच्या (इंजिनाच्या मुख्य धडाच्या) बाजूला, मॅनिफोल्डखाली (हवा आत नेणाऱ्या आणि धूर बाहेर काढणाऱ्या नळ्यांखाली). तिथे टॅपेटची (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या भागांची) दोन झाकणं असतात, प्रत्येकाला मधोमध एकच बोल्ट आणि आत कॉर्कचं पॅकिंग. मागच्या झाकणाचा कॉर्क वाळून चिरला की तेल ब्लॉकवरून मागे ओघळतं आणि बेल हाउसिंगच्या खालच्या भोकापाशी टपकतं. खालून पाहणाऱ्याला वाटतं क्रँकच गळतोय. फसवणारे नेमकं याच जागेवर बोट ठेवतात.

म्हणून गळती खालून शोधायची नाही, वरून शोधायची. डिस्ट्रिब्युटर आणि डायनॅमो प्लास्टिकने झाकून इंजिन डिझेलने धुवा, पुसून पूर्ण कोरडं करा, संशयाच्या जागी टाल्कम पावडर भुरभुरवा. गाडी पंधरा-वीस मिनिटं चालवून आणा आणि टॉर्च घेऊन सगळ्यात वरचा आणि सगळ्यात पुढचा ओला ठिपका शोधा. पंख्याच्या वाऱ्याने तेल मागे उडतं, त्यामुळे मागचा ओलावा पुरावा धरू नका. वरचं टॅपेट कव्हर, ऑइल प्रेशरच्या नळीचा जोड, फिल्टरचं वॉशर, क्रँक पुलीमागचं टायमिंग कव्हर, बाजूची झाकणं, मग चेंबर, या क्रमाने बघत या. पुढे टायमिंग कव्हरला मात्र सील असतं, ते खरंच जातं.

पॅकिंगला हात लावण्याआधी ब्रीदर (इंजिनातली वाफ-धूर बाहेर सोडणारी वाट) बघा. त्याची नळी काजळीने तुंबली की आतला दाब वाढतो आणि नवं पॅकिंगही ओलं होतं. नळी काढून रॉकेलने साफ करा. इंजिन गरम असताना ऑइलचं झाकण उघडून बघा. ब्रीदर साफ असूनही धुराचे भपकारे येत असतील तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. अशा वेळी आधी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजून घ्यायचं.

मॅनिफोल्ड उतरवला की मागच्या झाकणापर्यंत हात सरळ पोचतो (त्याचं पॅकिंगही नवं घ्यावं लागतं). झाकण सपाट आहे का ते काचेवर ठेवून तपासा. कॉर्क फक्त झाकणाच्या बाजूला गोंदाने चिकटवा आणि रात्रभर वजनाखाली ठेवा. ब्लॉककडची बाजू कोरडीच राहू द्या. बोल्ट हाताने टेकला की थोडासाच आवळा. जोर लावला की पातळ पत्रा मधे दबतो, कडा उचलल्या जातात आणि गळती वाढते. वरच्या कव्हरच्या दोन नटांचंही तेच. या गाडीत मागच्या झाकणाभोवती सिलिकॉन पेस्ट थापलेली सापडली. हे सगळ्यात धोक्याचं, कारण आत दबलेली पेस्ट तुटून चेंबरमध्ये पडते, तेल ओढणाऱ्या पंपाच्या जाळीत अडकते आणि तेलाचा दाब पडतो. दाब पडला की बेअरिंग गेलंच.

ऑइल साधं मिनरल २०डब्ल्यू-५० घ्या. पातळ सिंथेटिक क्रँकच्या त्या चरातून आणखी सहज बाहेर येतं. गळती थांबवणाऱ्या औषधाची बाटली रबर फुगवते, आणि इथे मागे रबरच नाही.

गाडी गॅरेजला देण्याआधी शाफ्टच्या फ्लँजच्या नटांवर नेलपॉलिशची रेघ मारून फोटो काढा. लेखी अंदाज घ्या, जुने सुटे भाग परत मागा. "पार्ट नाना पेठेतून आणला" म्हणाले तर दुकानाची पावती मागा. मालकांनी गंजलेल्या नटांचे फोटो आणि सीलची ओळ असलेलं बिल जपून ठेवलंय, ते बरं झालं. अशा वेळी आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. त्यासाठी दोन वर्षांची मुदत आहे, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. तोवर झाकणाचं काम दुसरीकडे करायचं असेल तर ते उघडण्याआधी पेस्टचेही फोटो काढून ठेवा.