अंतर मोजायचं अॅप आणि साडेनऊ तासात लंडन

ताईच्या बाळंतपणाला आईला डिसेंबरात लंडनला पाठवायचं होतं, तेव्हा दोन शहरांमधलं अंतर आणि विमानाचा वेळ सांगणारं एक फुकटचं अॅप घेतलं. नाव नाही घेत, सगळी असली अॅप सारखीच असणार.

पहिली अडचण म्हणजे आपलं गावच सापडेना. बेळगाव टाकलं तर काही नाही, २०१४ ला सरकारनं नाव बेळगावी केलं तेच तेवढं घेतंय. बरं टाकलं. लंडन ७,६०० किमी, विमानाचा वेळ साडेनऊ तास! आई चष्मा लावून बघतीय, "सांबऱ्यातनं डायरेक्ट लंडनला विमान जाऊलालंय काय रे?" आता काय सांगू, सांबरा म्हणजे आमचं बेळगावचं विमानतळ, तिथनं देशातल्या देशातच विमानं जातात. अॅप काय करतंय तर पृथ्वीच्या गोलावरनं सगळ्यात जवळची रेघ काढतंय, तिला ८५० च्या स्पीडनं भागतंय आणि चढ-उताराचा अर्धा तास वर टाकतंय. तिथं विमान आहे का बैलगाडी, त्याला घेणंदेणं नाही.

अंतर मात्र बरोबर देतंय हं, ते मान्य. मुंबई-लंडन ७,२०० दाखवलं, तेवढंच आहे. नकाशावर रेघ वाकडी दिसते म्हणून काहीजण रेटिंग कमी देऊलालेत, ते चूक आहे, गोल पृथ्वी सपाट कागदावर काढली की सरळ वाट वाकडीच दिसणार.

खरा घोळ वेळेत. मुंबई-लंडन जाताना पण नऊ, येताना पण नऊ. आईचं विमान मुंबईतनंच होतं, तिकिटावर जाताना ९ तास ५० मिनिटं आणि येताना ८ तास ४०. वर जेट स्ट्रीमचा वारा पश्चिमेकडनं पूर्वेकडं वाहतो, थंडीत तर जास्तच, म्हणजे जाताना तोंडावर आणि येताना पाठीवर. शिवाय रेघेवरनं उडायला मिळेलच असं नाही, एप्रिल २०२५ ला पाकिस्ताननं आपल्या विमानांना हद्द बंद केली तर दिल्ली-लंडनवाल्यांना केवढा वळसा पडला. यातलं काहीच अॅपला कळत नाही. घड्याळाचा फरक पण दाखवत नाही, तिकिटावर दुपारी १:३० ला सुटून ५:५० ला पोचणार बघून आई म्हणाली सव्वाचार तासात लंडन, मग मुंबईच्या बसला एवढा वेळ कशाला! तिथलं घड्याळ थंडीत साडेपाच तास मागं असतं हे समजवायला दोन चहा झाले.

आणि बस. रात्री ८ ला बेळगावातनं बसलो, निपाणी, कोगनोळी टोल, पुढं कागल-सातारा रस्त्याचं काम, सकाळी ७ ला मुंबई. अकरा तास! लंडनपेक्षा मुंबई लांब पडली. ताईनं आईला घेऊन एअरपोर्टबाहेर आल्यावर फोन केला तेव्हा इथं रात्रीचे पावणेएक वाजलेले, म्हणजे घरातनं निघून पावणेएकोणतीस तास, आणि अॅप म्हणतंय साडेनऊ.

पाचपैकी तीन स्टार, तेही अंतरासाठी. वेळ तिकिटावरची बघा. आईनं मात्र अॅप डिलीट करू दिलं नाही, ताईचं घर किती किलोमीटरवर आहे ते अधनंमधनं उघडून बघत बसते.