चॅलेंजरच्या वीस इंची चाकांत माझे पैसे बुडाले, तुमचे बुडू देऊ नका

डेट्रॉइट परिसरातील आमच्या मराठी मंडळातील दोन तरुण मुलांनी गेल्या महिन्यात मला एका जाहिरातीचा फोटो पाठवून विचारले की, डॉज चॅलेंजर या मोटारीसाठी ही चाके घ्यावीत का. फोटो पाहताच माझे डोके भणभणले, कारण ही चाके विकणाऱ्या माणसाने २०२४ च्या एप्रिलमध्ये माझ्याकडून २,६८० डॉलर घेतले होते आणि त्यांतील २,१८० डॉलर आजतागायत परत आलेले नाहीत. ही गोष्ट मी आजवर घरच्यांखेरीज कोणालाही सांगितली नव्हती. मोटारींच्या उद्योगात नोकरी करणारा माणूस, भले तो संगणकाच्या बाजूला का असेना, चाकांच्या खरेदीत फसला हे चारचौघांत बोलण्याची मला लाज वाटत होती. परंतु माझ्या गप्प राहण्याचा फायदा त्याच माणसाला होणार असेल, तर ती लाज मला बाळगायची नाही.

मोठी चाके हा थिल्लरपणा आहे असे म्हणणाऱ्यांनी आधी गाडीकडे नीट पाहावे. १९७० च्या मूळ चॅलेंजरला चौदा किंवा पंधरा इंची चाके शोभत, कारण ती गाडी बुटकी होती आणि तिच्या टायरची बाजू जाड होती. २००८ साली त्याच रूपाची आठवण देत जी नवी चॅलेंजर आली, तिचे दरवाजे उंच आहेत आणि चाकांवरच्या कमानी प्रशस्त आहेत; त्यामुळे माझ्या गाडीला मुळात मिळालेली अठरा इंची चाके त्या कमानींत हरवल्यासारखी दिसतात. तरीही मी बावीस इंचांच्या मोहात पडलो नाही. २६५/३५ मापाचा, म्हणजे २६५ मिलिमीटर रुंद आणि रुंदीच्या ३५ टक्के उंचीची बाजू असलेला टायर घेतला तर रिम आणि रस्ता यांच्यामध्ये जेमतेम ९३ मिलिमीटर रबर उरते, आणि मिशिगनच्या हिवाळ्यानंतर रस्त्यांना जे खड्डे पडतात त्यांत अशी रिम वाकायला वेळ लागत नाही. मी २० × ९.५ इंचांची रिम आणि २७५/४० चा टायर हे माप निवडले. ते कंपनी स्वतः चॅलेंजरच्याच जास्त ताकदीच्या हेलकॅट प्रकाराला देत असे. त्याचा एकूण व्यास सुमारे ७२८ मिलिमीटर भरतो, माझ्या २३५/५५ च्या मूळ टायरचा सुमारे ७१६, म्हणजे वेगदर्शकात पावणेदोन टक्क्यांहून कमी फरक पडतो. टायरची भारक्षमताही मी तपासली होती, कारण माणसे बसली की ही गाडी अठराशे किलोंच्या वर जाते. अभ्यास न करता पैसे फेकले, असे मला कोणी म्हणू नये.

विक्रेत्याचे दुकान राज्याच्या सीमेपलीकडे होते. पाटी होती, गाडी उचलणारी लिफ्ट होती, कामाला दोन मुले होती आणि बाहेर फोर्डची एक मस्टँग उभी होती. घडीव ॲल्युमिनियमच्या चार रिम, त्यांवर चार नवे टायर, बसवणे आणि बॅलन्सिंग धरून किंमत २,९८० डॉलर ठरली, आणि माझी जुनी अठरा इंची चाके ३०० डॉलरला तो ठेवून घेणार होता. ५०० डॉलर मी आगाऊ क्रेडिट कार्डाने भरले होते. उरलेले २,१८० डॉलर त्याने बँकेच्या झटपट ॲपवरून मागितले, कारण कार्डावर त्याला तीन टक्के कापले जातात, असे तो म्हणाला. कार्डाचे शुल्क दुकानदाराला बसतेच, हे खरे आहे. तरी कोणी असे म्हणाला तर ते तीन टक्के स्वतः भरा आणि कार्डच वापरा.

ज्या क्षणी मी गाडी तिथून परत न्यायला हवी होती, तो क्षण मी रोज आठवतो. चारही टायर रिमवर आधीच चढवून ठेवलेले होते. मी वाकून बाहेरच्या बाजूचा डीओटी क्रमांक, म्हणजे टायरवर छापलेला ओळखक्रमांक वाचला, तेव्हा त्याच्या शेवटी टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष सांगणारे चार अंक नव्हते. मी विचारले. तो शांतपणे म्हणाला की, पूर्ण क्रमांक टायरच्या एकाच बाजूला छापणे बंधनकारक आहे, आणि तो आतल्या बाजूला गेला आहे. हे उत्तर शब्दशः खरे होते! अमेरिकेचा नियम तसाच आहे, आणि मला तो ठाऊक होता, म्हणूनच मी मान डोलावली. चाक लिफ्टजवळच पडलेले होते, ते उलटे करायला दहा सेकंद पुरली असती. पण ज्याचे उत्तर बरोबर आहे त्याच्यावर संशय घेणे मला उद्धटपणाचे वाटले. त्यानंतर नट बसवताना ते हाताने शेवटपर्यंत फिरेनात, तेव्हा त्या मुलाने थेट इम्पॅक्ट गन, म्हणजे नट जोराने आवळणारे यंत्र लावले. नवीन रिमवर रंगाचा थर असतो, थोडे घट्ट जाणारच, असे मला सांगण्यात आले. टायरच्या हवेचा दिवा पेटला, तेव्हा चाकांतले हवेचा दाब मोजणारे सेन्सर गाडी थोडी चालवल्यावर आपोआप ओळखले जातात असे उत्तर मिळाले, आणि या गाडीत ते होतेही तसेच. फक्त त्या चाकांत सेन्सर घातलेलेच नव्हते. लुच्च्या माणसाला खोटे बोलावे लागत नाही, जाणकाराला अर्धे खरे सांगितले की तो पुढचे स्वतःच मान्य करतो, हे मला या माणसाने शिकवले. नट हाताने शेवटपर्यंत गेला नाही तर काम तिथेच थांबवा, समोरचा काहीही सांगो.

पासष्ट मैलांच्या वेगाला स्टिअरिंग थरथरू लागले. बॅलन्सिंग पुन्हा करून देतो म्हणून त्याने मला लटकवत ठेवले आणि मग फोन उचलणे बंद केले. शेवटी आय-७५ महामार्गावर डाव्या पुढच्या चाकाचा एक स्टड, म्हणजे ज्यावर नट आवळतात तो दांडा, तुटला आणि गाडी कडेला घ्यावी लागली. पत्नी शेजारी बसली होती. ती वेळ वेगळी निघाली असती तर हा मजकूर लिहायला मी उरलो नसतो.

ज्या गॅरेजमध्ये गाडी ओढून नेली, तिथल्या मिस्त्रीने चाके काढून उलटी केली आणि मला हाक मारली. चॅलेंजरच्या नटांचे वर्तुळ पाच भोकांचे, ११५ मिलिमीटरचे असते. या रिम होत्या ११४.३ च्या, म्हणजे मस्टँगच्या मापाच्या. फरक सात दशांश मिलिमीटरचा, त्यामुळे चाक चढते, पण नट तिरके बसतात आणि स्टडवर सतत ताण येतो. मधले भोक ७३.१ मिलिमीटरचे होते, गाडीचा हब, म्हणजे चाक ज्यावर बसते तो मधला भाग, साधारण ७१.५ चा, आणि ती फट भरणारी कडी घातलेलीच नव्हती. तीन रिमवर मापाचा ठसा ग्राइंडरने घासून टाकलेला होता. चौथ्यावर तो राहून गेला, म्हणूनच हे सगळे उघड झाले. घडीव म्हणून विकलेल्या रिम ओतीव होत्या. एकीच्या आतल्या कडेला तडा वेल्डिंगने भरून वर काळा रंग मारलेला होता. टायरच्या आतल्या बाजूवरचे अंक होते १११७, म्हणजे २०१७ चा अकरावा आठवडा. सात वर्षांचे टायर मला नवे म्हणून विकले गेले होते.

गाडी ओढून नेण्याचे १६५ डॉलर, तपासणीचे ८५, नवे स्टड आणि मजुरी ३४०, आणि माझी चाके त्याच्याकडे गेल्यामुळे वापरलेली अठरा इंची चाके टायर आणि सेन्सरसह घेण्याचे ६४०. मूळ २,६८० मिळवले की ३,९१० डॉलर होतात. त्यांतले कार्डाचे ५०० परत आले, कारण मिस्त्रीचा लेखी अहवाल आणि फोटो जोडून मी मुदतीत तक्रार केली होती. निव्वळ नुकसान ३,४१० डॉलर. जुनी चाके देऊन टाकू नका. नवी चाके महिनाभर चालवून पाहीपर्यंत ती गॅरेजमध्ये पडू द्या.

आता ज्यांच्याकडे दाद मागितली त्यांच्याविषयी. बँकेने सांगितले की, पैसे तुम्ही स्वतःच्या हाताने पाठवलेत, म्हणून हा अनधिकृत व्यवहार ठरत नाही. इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पैसे पाठवण्याविषयीचा १९७८ चा केंद्रीय कायदा चोराने परस्पर काढलेल्या पैशांना संरक्षण देतो आणि ज्यांना फसवून पैसे पाठवायला लावले त्यांना वाऱ्यावर सोडतो, हे मला पैसे गेल्यावर कळले. आमच्याकडच्या पोलिसांनी व्यवहार पलीकडच्या राज्यात झाला म्हणून कागद परत केला. पलीकडच्या पोलिसांनी हा दिवाणी वाद आहे, वस्तू तर तुम्हाला मिळाली ना, असे विचारले. घासलेल्या ठशांचे फोटो मी टेबलावर ठेवले होते. त्या अधिकाऱ्याने ते उचलूनसुद्धा पाहिले नाहीत. तडा गेलेली रिम रंगवून विकणे हा जर गुन्हा नसेल, तर गुन्हा ठरायला माणूस मरावा लागतो काय? ग्राहक तक्रार कार्यालयाने विक्रेत्याला पत्र पाठवले, त्याने उत्तर दिले नाही, आणि कार्यालयाने मला कळवले की विक्रेता प्रतिसाद देत नसल्यामुळे प्रकरण बंद करण्यात येत आहे. म्हणजे उत्तर न देणे हाच सुटण्याचा सोपा मार्ग, आणि तो दाखवून देणारेही सरकारच! टायरच्या वयाबद्दल विचारले, तर केंद्रीय कायद्यात किती जुना टायर विकू नये याची मर्यादाच नाही असे समजले. अनेक मोटार कंपन्या सहा वर्षांनंतर टायर बदलायला सांगतात, आणि तरीही न वापरलेला सात वर्षांचा टायर दुकानात बिनदिक्कत नवा म्हणून विकता येतो. मी कर भरतो, विमा भरतो, नोंदणीचे शुल्क भरतो. या सगळ्यांच्या बदल्यात एका भामट्याच्या दारावर थाप मारायला एकही माणूस मिळू नये, याची चीड मला पैसे गेल्याच्या चिडीपेक्षा जास्त आहे.

लहान दाव्यांच्या न्यायालयात मी अर्ज केला आहे. तिथे वकील लागत नाही, पण दावा विक्रेत्याच्या राज्यातच लावावा लागला, आणि निकाल बाजूने लागला तरी वसुली आपणच करायची असते. पावतीवर दुकानाचे जे नाव होते त्या नावाची कंपनी आता बंद दाखवली जाते, म्हणून पैसे देण्याआधी पावतीवरचे नाव आणि पैसे ज्या खात्यात जातात ते नाव एकच आहे का, हे पाहून घ्या. माझ्या बाबतीत ती दोन वेगळी होती.

त्या मुलांनी पाठवलेल्या जाहिरातीत दुकानाचे नाव बदललेले आहे आणि किंमत २,८५० डॉलर लिहिली आहे. रिम काळ्या, चकचकीत, पाच दुहेरी आऱ्यांच्या आहेत, चारही फोटो समोरूनच काढलेले आहेत, आणि आतल्या बाजूचा फोटो मागितला की माल पॅक करून ठेवला आहे असे उत्तर येते. तेच उत्तर त्या मुलांनाही आले आहे.