आकडा जवळपास तोच, दम वेगळा : नव्या इलेक्ट्रिक मोटरसायकलचा वापरानंतरचा अनुभव

आधी निकाल सांगतो, कारणं मागून. नवीन मॉडेल जुन्यापेक्षा वेगवान नाही. शून्य ते शंभरच्या वेळेत माहितीपत्रकात जो काही फरक छापलाय, तो गाडीवर बसून कळत नाही. तरीही जुनी देऊन ही घेतली याचं मला समाधान आहे, आणि त्याचं कारण जाहिरातीत कुठेच ठळक अक्षरांत नव्हतं. ही गाडी पहिल्या मिनिटाला जी ताकद देते, तीच विसाव्या मिनिटालाही देते.

कंपनीचं नाव घेत नाही, कारण पुढे काही तक्रारीही आहेत आणि हेच बदल थोड्याफार फरकाने आता बऱ्याच कंपन्यांच्या गाड्यांत दिसतात. जुनं मॉडेल मी काही वर्षं वापरलं, नवं काही महिने. ऊन, पाऊस, मागे माणूस, लांबचा प्रवास, सगळं झालंय.

जुन्या गाडीचं रडगाणं घाटात सुरू व्हायचं. अर्धा चढ संपला की पडद्यावर थर्मामीटरचं पिवळं चिन्ह उगवायचं आणि मूठ तेवढीच पिळलेली असताना वेग आपोआप उतरायला लागायचा. मागून ट्रक हॉर्न देतोय आणि आपल्या हातात करण्यासारखं काही नाही. हा बिघाड नव्हता, कंट्रोलर (मोटरला वीज मोजून देणारा भाग) स्वतःला वाचवत होता. मोटर आणि कंट्रोलर मिळून ९० टक्के कार्यक्षम धरले, तरी चाकापर्यंत २० किलोवॅट पोचवताना दोनेक किलोवॅट उष्णतेत जातात. म्हणजे मांडीखाली एक गिझर अखंड चालू. पेट्रोल इंजिनात याच्या कितीतरी पट उष्णता असते, पण ते तापून काम करायलाच बनवलेलं असतं. मोटरमधली चुंबकं, वायंडिंगचं इन्सुलेशन आणि मुख्य म्हणजे बॅटरीचे सेल यांना ते झेपत नाही. सेल ६० अंशांच्या आसपास गेले की बीएमएस, म्हणजे बॅटरीची राखण करणारी यंत्रणा, करंट कापायला लागते, आणि ते तिने करायलाच हवं.

म्हणून माहितीपत्रकात ताकदीचे दोन आकडे शोधावेत : पीक आणि कंटिन्युअस. पहिला काही सेकंदांचा असतो, दुसऱ्यावर गाडी दिवसभर चालते. कावासाकीच्या निंजा ई-१ मध्ये तर हे उघडच सांगितलंय. तिचं जादा ताकदीचं ई-बूस्ट एका वेळी १५ सेकंदांपुरतं असतं. हा प्रामाणिकपणा मला आवडतो. बाकी बरेच जण मोठा आकडा मोठ्या टाइपात आणि लहान आकडा तळटीपेत छापतात.

रेसिंगमध्येही खरी झुंज उष्णतेशीच होती. मोटोई या इलेक्ट्रिक मोटरसायकलींच्या जागतिक स्पर्धेत २०१९ ते २०२२ एनर्जिकाची ईगो कोर्सा धावली, साधारण २६० किलोची. २०२३ पासून डुकाटीची व्ही२१एल आली. वजन २२५ किलो, बॅटरी १८ किलोवॅट-तासांची, ताकद ११० किलोवॅट. लोकांनी वजनाचं कौतुक केलं, पण मला तिची कूलिंगची रचना जास्त महत्त्वाची वाटते. बॅटरीसाठी एक सर्किट, मोटर आणि इन्व्हर्टरसाठी (बॅटरीची डीसी वीज मोटरसाठी एसी करणारा भाग) दुसरं, कारण दोघांना मानवणारं तापमान वेगळं. त्यामुळे शर्यत संपवून गाडी गॅरेजमध्ये आली की थंड होण्याची वाट न बघता चार्जिंगला लावता यायची आणि ४५ मिनिटांत ८० टक्क्यांपर्यंत जायची.

माझ्या गाडीत इतका थाट नाही. मोटर आणि कंट्रोलर लिक्विड कूल्ड आहेत. बॅटरीला फक्त पंखांचं अॅल्युमिनियमचं खोकं आणि समोरून येणारा वारा. पण तेवढ्यानेही फरक पडला. तोच घाट, उन्हाळ्याची दुपार, मागे माणूस आणि सामान, आणि पिवळं चिन्ह उगवलंच नाही. एक गंमत मात्र आहे. गाडी लावून चावी काढली तरी पंप आणि छोटा पंखा काही मिनिटं घूं-घूं करत राहतात. रस्त्यावरचे लोक येऊन सांगतात, "अहो, गाडी चालूच राहिलीय तुमची." आता मी उत्तर देणंही सोडलंय.

ताकद कमी होण्याचं दुसरं कारण बॅटरी उतरणं. पूर्ण भरलेला सेल ४.२ व्होल्टला असतो, उतरत आला की ३.३च्या आसपास येतो. व्होल्टेज पडलं की तेवढ्याच ताकदीसाठी करंट जास्त ओढावा लागतो, करंट वाढला की व्होल्टेज आणखी दबतं, आणि शेवटी बीएमएस हात आखडता घेते. जुनी गाडी ३० टक्क्यांखाली ओव्हरटेक करताना धीर द्यायची नाही. नवी १५ टक्क्यांपर्यंत तरी तक्रार करत नाही. त्याखाली तीही मलूल होतेच, त्यात जादू काही नाही.

आता पिकअप. "शून्य आरपीएमला पूर्ण टॉर्क", म्हणजे उभ्या गाडीतही चाक फिरवण्याचा पूर्ण जोर, हे वाक्य ऐकून ऐकून कान किटले. मोटर तो देऊ शकते हे खरं, पण चांगला इंजिनिअर तो तसाच्या तसा देत नाही. जुन्या गाडीत मुठीची पहिली सूतभर फिरकी रिकामी जायची आणि मग एकदम झटका. दर स्पीडब्रेकरनंतर मागच्याचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर टक्. नव्या गाडीत मुठीचा पहिला पाव भाग इतका मऊ केलाय की गर्दीत पायी माणसाच्या वेगाने, पाय न टेकता जाता येतं. क्लच नसलेल्या गाडीत हे सगळ्यात अवघड काम, आणि इथे कंपनीने खरी मेहनत केलीय. मला विचाराल तर नव्या मॉडेलमधला सर्वांत मोठा बदल हाच. नेमका तोच माहितीपत्रकात सापडत नाही, कारण त्याला आकडा नाही.

टॉर्कच्या आकड्यावरून आठवलं. काही कंपन्या मोटरचा टॉर्क सांगतात, काही चाकावरचा. मधलं रिडक्शन (फेरे कमी करून जोर वाढवणारी जोडणी) पाचास एक असेल तर तोच आकडा जवळपास पाचपट दिसतो. दोन गाड्यांची तुलना करताना आधी हे विचारा, नाहीतर भाकड चर्चा होते.

ट्रॅक्शन कंट्रोल ओल्या रस्त्यावर आपलं काम करतं. झेब्रा क्रॉसिंगच्या रंगावर मागचं चाक सुटायला लागलं की मोटर क्षणभर गप्प होते, आणि पेट्रोल गाडीपेक्षा हे कितीतरी अलगद होतं, कारण इथे फक्त करंट कमी करायचा असतो. २०१९ ला झीरो कंपनीची एसआर/एफ बॉशच्या स्टॅबिलिटी कंट्रोलसह आली तेव्हा ही चैन फक्त महागड्या गाड्यांची वाटत होती. आता ती खालच्या श्रेणीत उतरतेय, हे चांगलंच झालं.

रीजनबद्दल, म्हणजे मूठ सोडल्यावर मोटरच वेग कमी करत वीज बनवून बॅटरीत परत भरते त्याबद्दल, मात्र थोडं सविस्तर लिहितो, कारण इथे गैरसमज फार. २०० किलोची गाडी आणि ७५ किलोचा स्वार ६०च्या वेगात असेल, तर त्या वेगात साठलेली ऊर्जा साधारण साडेदहा वॉट-तास भरते. ती सगळी परत मिळत नाही. हवा, टायर, मोटर, बॅटरी, प्रत्येक जण आपला वाटा काढून घेतो. सहा वॉट-तास हाती लागले तरी ते दीडशे मीटरचं अंतर. म्हणजे रीजनमुळे रेंज दुप्पट होत नाही, दीडपटही होत नाही. लांब उतारावर टक्का-दोन टक्के वर सरकलेले दिसतात तेव्हा बरं वाटतं, इतकंच. खरा फायदा ब्रेकचा. मागचे पॅड अजून नव्यासारखे आहेत आणि शहरात बोटं ब्रेकच्या लिव्हरवर क्वचितच जातात.

जुन्या गाडीत रीजनचे दोनच प्रकार होते, कमी आणि जास्त. नव्या गाड्यांत पायऱ्या वाढल्यात. अल्ट्राव्हायोलेटच्या एफ७७ मॅक २ मध्ये तर त्या १० आहेत. दहा कोण वापरतं मला माहीत नाही. माझ्या गाडीतल्या मोजक्या पायऱ्यांपैकी मी दोनच वापरतो, कोरड्याला एक, ओल्याला एक. सवय झाल्यावर धोका एकाच ठिकाणी आहे. बॅटरी पूर्ण भरलेली असताना परत आलेली ऊर्जा ठेवायला जागाच नसते, त्यामुळे रीजन जवळजवळ बंद असतं. रात्रभर चार्ज करून सकाळी निघालात आणि घरापासूनच उतार असेल, तर मूठ सोडल्यावर गाडी रोजच्यासारखी थांबत नाही, नुसती घरंगळते. नवी गाडी निदान पडद्यावर तशी सूचना देते. मी आता रोजचं चार्जिंग ९० टक्क्यांवर थांबवतो, बॅटरीलाही ते मानवतं.

रेंजबद्दल थोडक्यात : शहरात कंपनीच्या आकड्याच्या जवळ, महामार्गावर बरीच खाली. ८०चे १०० केले की हवेचा अवरोध ५६ टक्क्यांनी वाढतो, कारण तो वेगाच्या वर्गाने चढतो. पेट्रोल गाडीलाही हा नियम लागू आहेच, पण तिथे पंप वाटेत भेटत राहतात. नव्या मॉडेलला छोटी काच आणि टाकीच्या बाजूंना फुगवटे दिलेत. त्याने छातीवरचा वारा कमी झाला. रेंजमध्ये काही पडलं असेल तर ते मला दिसलं नाही.

आता रचना. जुन्या गाडीत आधी सांगाडा आणि मग त्यात बॅटरीचं खोकं बसवलेलं, पेट्रोल गाडीचं इंजिन काढून तिथे पेटी कोंबावी तसं. नव्या गाडीत बॅटरीचं खोकंच सांगाड्याचा भाग आहे. पुढचा फोर्क त्याला वरून आणि मागचा स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा हात) मागून जोडलेला. डुकाटीच्या व्ही२१एलची आणि लाइव्हवायरच्या एस२ डेल मारची जातकुळी हीच. लाइव्हवायर वन साधारण २५५ किलोची होती, डेल मार १९८ किलोची. बॅटरीही लहान झालीय हे खरं, पण सगळा फरक काही बॅटरीचा नाही.

चालवताना याचा परिणाम असा, की वजन कमी झालं त्यापेक्षा जास्त कमी झाल्यासारखं वाटतं, कारण ते खाली आणि मध्यावर आलंय. वळणावर गाडी झुकवताना पूर्वी वरचा बोजा आधी पडायचा आणि मग गाडी त्यामागे जायची. तसं आता होत नाही. खड्ड्यांतून मात्र ती जुन्यापेक्षा कडक लागते. मागचा शॉकअप दोन वेळा सैल करून घेतला तेव्हा कुठे पाठ शांत झाली. गाडी ढकलून मागे घेणं अजूनही घाम काढतं, पण रिव्हर्स मोड आल्यापासून चढावर लावलेली गाडी एकट्याने काढता येते. ही सोय मला आधी पोरखेळ वाटायची. आता तिच्याशिवाय गाडी घेणार नाही.

दिसण्याबद्दल मतं वेगळी असणार. माझं मत असं, की टाकी नसताना टाकीचा आकार ठेवणं ठीक आहे, गुडघ्यांना आधार लागतोच. त्या पोकळीत हेल्मेट मावेल असं वाटलं होतं. मावतात हातमोजे, रेनकोट आणि चार्जरची केबल, तीही नीट गुंडाळली तर. खोक्यावरचे पंख दिखाऊ नाहीत, उष्णता घालवायला खरंच लागतात. रॉयल एनफिल्डने फ्लाइंग फ्ली सी६ च्या मॅग्नेशियमच्या खोक्यावर तेच पंख सजावटीसारखे वापरलेत आणि ते देखणे दिसतात. माझ्या गाडीत मात्र त्या पंखांत चिखल बसतो आणि जुन्या टूथब्रशशिवाय निघत नाही.

चेन जाऊन बेल्ट आलाय. तेल नाही, ताणणं नाही, पँटवर डाग नाहीत. पण धुळीच्या कोरड्या दिवसांत सकाळी तो किरकिरतो, आणि बारीक खडा पुलीत अडकला तर बेल्टचा दात जाऊ शकतो. कच्च्या रस्त्यावरून आल्यावर वाकून बघायची सवय लावून घ्या.

तक्रारी दोन. पहिली : मुख्य बॅटरी अर्ध्याहून जास्त भरलेली असताना गाडी एका सकाळी ठार मेली. कारण १२ व्होल्टची छोटी बॅटरी. गाडी उभी असतानाही मोबाइलशी बोलत राहणारं मॉड्यूल तिच्यावर चालतं, आणि काही दिवस गाडी न हलवल्यामुळे ती रिकामी झाली. तिच्याशिवाय मुख्य बॅटरीचा कॉन्टॅक्टर, म्हणजे तिचा मोठा स्विच, जोडलाच जात नाही. सर्व्हिस सेंटरने आधी "तुम्हीच काहीतरी बाहेरून लावलं असेल" म्हणून झटकलं, मग मुकाट्याने बदलून दिली. दुसरी : मध्ये एक अपडेट आलं आणि मधल्या मोडमधला पिकअप गुपचूप मवाळ झाला. माहितीच्या ओळीत फक्त "सुधारणा" लिहिलेलं. पुढच्या अपडेटला तो परत आला. विकत घेतलेल्या गाडीचा स्वभाव रात्रीत बदलावा आणि मालकाला कळूही नये, हे मला पटत नाही.

बघायला जाणार असाल तर टेस्ट राइडला पूर्ण भरलेली गाडी घेऊ नका. २५-३० टक्क्यांवर आलेली मागा, मागे कुणाला तरी बसवा आणि जवळचा चढ दोन-तीन वेळा सलग करा. तिसऱ्या फेरीत मूठ पिळल्यावर काय मिळतं ते बघा. शोरूमवाले कुरकुर करतील. त्यांना कंटिन्युअस पॉवरचा आकडाही तेव्हाच विचारा. बऱ्याच ठिकाणी तो शोधायला आतून मॅन्युअल आणावं लागतं.