रस्ट काही महिने वापरल्यावर: मेमरी झकास, पण त्या अंडरस्कोरने डोकं फिरवलं

रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या आमच्या टेस्ट परवा धडाधड पडल्या, तेव्हा म्हटलं आता लिहूनच टाकावं. ओनरशिप, बॉरो चेकर वगैरे (व्हॅल्यू कुणाच्या मालकीची आणि कोण ती उसनी वापरतंय याचे रस्टचे नियम) तुम्हाला ठाऊक आहे असं धरतो.

सुरुवातीला माझा राग मेमरी लेआउटवर, म्हणजे डेटा मेमरीत कसा मांडला जातो त्यावर होता. सी भाषेत स्ट्रक्टचे (एकत्र बांधलेल्या डेटाचे) फील्ड लिहाल त्याच क्रमाने बसतात, इथे कंपायलर आपल्या मर्जीने हलवतो. मग एकदा साइझ-ऑफ (किती बाइट लागतात तो आकडा) छापून पाहिलं. एक बाइट, चार बाइट, पुन्हा एक बाइट असे तीन फील्ड: रिप्र-सी (सीसारखीच मांडणी ठेव अशी खूण) लावलं की १२ बाइट, काढलं की ८. लाखो नोंदींच्या व्हेक्टरमध्ये एक तृतीयांश जागा फुकटात वाचते! ऑप्शनमध्ये (व्हॅल्यू असेल किंवा नसेल असा प्रकार) बॉक्स (हीपवरच्या व्हॅल्यूचा पॉइंटर) ठेवला तरी जागा बॉक्सएवढीच, कारण बॉक्सचा पॉइंटर कधी शून्य नसतो आणि 'नन' (म्हणजे व्हॅल्यू नाही) त्या शून्यावर भागतो. मी पडलो चिकट, माझा राग तिथेच विरघळला. फक्त रिप्र-सी नसेल तर टेस्टमध्ये ऑफसेटचे (फील्ड कितव्या बाइटला आहे त्याचे) आकडे ठोकून बसवू नका, त्यांची हमी नाही.

ड्रॉपचा (काम संपलेली व्हॅल्यू मोडण्याचा) क्रम लोकल व्हेरिएबलना उलटा, स्ट्रक्टच्या फील्डना मात्र लिहिलेला. सी प्लस प्लसमध्ये मेंबरही उलटेच मोडतात, त्यामुळे तिकडून येणारा हमखास अडखळतो. प्रत्येक ड्रॉपमध्ये आपलं नाव एका यादीत ढकलायचं आणि शेवटी यादी ताडून पाहायची, एवढ्या टेस्टवर काम भागतं.

आता तो अंडरस्कोर. तात्पुरतं फोल्डर पुसणारा आमचा एक गार्ड (ड्रॉप होताना साफसफाई करणारी व्हॅल्यू) आहे. टीममधल्या कुणीतरी तो 'लेट _ =' असा घेतला. नुसता अंडरस्कोर म्हणजे व्हेरिएबलच नाही. फंक्शनने दिलेली व्हॅल्यू त्याच ओळीवर ड्रॉप. पुढच्या ओळीला फोल्डर गायब! '_गार्ड' लिहिलं असतं तर ब्लॉक संपेपर्यंत टिकलं असतं. स्टँडर्ड लायब्ररीतल्या म्युटेक्सच्या (एका वेळी एकाच थ्रेडला डेटा हाताळू देणाऱ्या सोयीच्या) लॉकवर हेच केलं तर कंपायलर चक्क एरर देतो, मग आमच्या गार्डलाच सावत्र वागणूक का? मस्ट-यूज (व्हॅल्यू न वापरल्यास वॉर्निंग दे अशी खूण) लावूनही फायदा नाही, अंडरस्कोर ती वॉर्निंग गिळतो. 'लेट अंडरस्कोर ड्रॉप' नावाचं लिंट (कंपायलरची एक तपासणी) आहे म्हणे, तर ते मुळात बंद! चालू केलं की मुद्दाम टाकून दिलेल्या व्हॅल्यूवरही ओरडतं, मग तिथे ड्रॉप स्पष्ट लिहीत बसा.

रस्टच्या २०२४ एडिशनमध्ये इफ-लेटचा (पॅटर्न जुळला तरच चालणाऱ्या इफचा) घोळ निस्तरलाच ना? आधी तात्पुरतं लॉक एल्स संपेपर्यंत अडकून राहायचं, आता एल्सच्या आधी सुटतं. मग हे लिंट निदान वॉर्निंगवर आणायला यांचं काय जातं? तोवर आमच्याकडे ते डिनायवर (म्हणजे थेट एररवर) आहे, आणि कुणी कटकट केली तर त्याला ती पडलेली टेस्ट दाखवतो.