पाच मण्यांची दोरी, आठवी ते पीयूसी: काही महिने वापरल्यावर

संडे स्कूलच्या मोठ्या वर्गासाठी पाच रंगांच्या मण्यांच्या दोऱ्या घ्याव्यात की नाही, असं आसपासच्या मंडळ्यांतल्या, म्हणजे चर्चमधल्या, टीचर विचारतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. आमचा वर्ग बेळगाव शहरातला, मराठी उपासनेचा. मुलं आठवीपासून सेकंड पीयूसीपर्यंतची, म्हणजे बारावीपर्यंतची. जूनमध्ये शाळा उघडल्या तेव्हा दोऱ्या दिल्या, गणपती गेले, नाताळ झाला, आता परीक्षा तोंडावर आल्यात. निकाल आधीच सांगते: मुलाला स्वतःला सुवार्तेचा, म्हणजे ख्रिस्ताच्या संदेशाचा, क्रम लक्षात राहायला दोरी चांगली, लहान वर्गाला तर फारच चांगली. पण मोठ्या मुलांनी मित्रमैत्रिणींशी विश्वासाबद्दल बोलावं म्हणून घेणार असाल, तर तिच्यावर फार विसंबू नका. पाचपैकी तीन.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी: सोनेरी म्हणजे देवाचं प्रेम आणि स्वर्ग, काळा म्हणजे पाप, लाल म्हणजे ख्रिस्ताचं रक्त, पांढरा म्हणजे शुद्ध झालेलं मन, हिरवा म्हणजे विश्वासातली वाढ. कल्पना जुनी आहे. लंडनचे उपदेशक चार्ल्स स्पर्जन यांनी जानेवारी १८६६ मध्ये काळं, लाल आणि पांढरं अशा तीनच कोऱ्या पानांच्या पुस्तकावर प्रवचन केलं होतं. सोनेरी पान १८७५ मध्ये अमेरिकेचे ड्वाइट मूडी यांनी जोडलं, हिरवं विसाव्या शतकात आलं. पानांचे मणी झाले आणि ते मनगटावर आले.

तयार दोऱ्या घेऊ नका. आम्हाला मिळालेल्या तयार दोऱ्यांच्या सोनेरी मण्यांचा मुलामा घामानं पावसाळ्यातच उडाला आणि खाली मळकट प्लास्टिक दिसायला लागलं. इलॅस्टिकही दोन-तीन महिन्यांत सैल पडतं. नंतर खडे बाजारातून सुटे मणी आणि मेणाचा दोरा आणून मुलांनीच बनवल्या. सोनेरीऐवजी आरपार पिवळा मणी घेतला, त्याचा रंग जात नाही. प्रत्येक मण्याच्या दोन्ही बाजूंना एकेक गाठ मारली की मणी सरकत नाहीत. दुसरं म्हणजे हातात काही घातलेलं बऱ्याच शाळांत चालत नाही, म्हणून मुलींनी ती दप्तराच्या चेनला अडकवली, मुलांनी सायकलच्या किल्लीला. तिथं ती जास्त टिकते, आणि दिसतेही जास्त.

आता रंगांची गोष्ट. रंग ज्यांनी ठरवले त्यांना बेळगाव माहीत असायचं कारण नव्हतं. इथं पिवळा आणि लाल एकत्र दिसले की तो कन्नड झेंडा. आमच्या एका मुलाला वर्गात पहिल्याच दिवशी, "काय रे, पार्टी बदललास काय?" असं ऐकावं लागलं. १ नोव्हेंबरला तर बघायलाच नको. एकीकडे राज्योत्सवाची पिवळी-लाल मिरवणूक, दुसरीकडे मराठी माणसांचा काळा दिवस, आणि आमच्या पोरांच्या दप्तराला पिवळा, काळा, लाल तिन्ही मणी लटकलेले. त्या आठवड्यात दोऱ्या घरीच ठेवा म्हणून सांगितलं. सुवार्ता सांगायला निघालेल्या मुलानं आधी सीमाप्रश्नावर खुलासे देत बसायचं, हे काही बरोबर नाही.

काळ्या मण्याचं दुखणं याहून खोल आहे. काळा म्हणजे पाप, हे आपण संडे स्कूलमध्ये लहानपणापासून इतकं ऐकलंय की त्यात काही खटकत नाही. पण शेजारच्या बाकावरच्या मुलीच्या आईच्या मंगळसूत्रात काळे मणी असतात, बाळाच्या मनगटात दृष्ट लागू नये म्हणून काळे मणी असतात, आणि ज्या विठ्ठलाला तिचे आजोबा दरवर्षी चालत जातात तो काळाच. वर रंगावरून चिडवणं शाळेत रोजचंच. नववीतल्या आमच्या एका मुलीला तिच्या सावळ्या मैत्रिणीनं सरळ विचारलं, "मग मी काय पापी काय ग?" मुलगी गप्प झाली आणि रविवारी येऊन मला म्हणाली, "टीचर, हा मणी काढू काय?" आम्ही काढला नाही, पण सांगणं बदललं. आता काळ्याला आम्ही अंधार म्हणतो. लाइट गेल्यावर घरात जो होतो तो. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाची सुरुवातच उजेड आणि अंधारानं होते, त्यामुळे शास्त्राला धरूनही आहे, आणि कुणाच्या कातडीला लागत नाही.

दोरीनं प्रश्न मात्र येतात, हे मान्य करायलाच हवं. "हे काय आहे?" असं कुणीतरी विचारतंच. अडचण त्याच्या पुढची. सेकंड पीयूसीचा एक मुलगा रोज खानापूरहून बसनं येतो. शेजारच्या मित्रानं मणी बघून विचारलं, आणि यानं पाढे म्हणावेत तसे पाचही रंग एका दमात म्हणून टाकले. मित्रानं लालपर्यंत ऐकलं, "बरं" म्हटलं आणि परत रील बघायला लागला. त्यात त्या मित्राची चूक नाही. त्यानं मण्यांबद्दल विचारलं होतं, त्याला प्रवचन मिळालं. पाच रंगांचा क्रम पाठ असला की मूल समोरच्याचं ऐकायचं थांबतं, त्याचं लक्ष पुढच्या मण्यावर असतं. आठ-नऊ वर्षांच्या पोराला ते शोभतं. सतरा वर्षांच्या मुलाचं तसं बोलणं समोरच्याला जाहिरात वाटतं.

आणि एक नियम आम्ही पहिल्या दिवसापासून ठेवलाय: दोरी कुणाला भेट द्यायची नाही. कितीही जवळची मैत्रीण असो, कितीही मागू दे. कर्नाटकाचं धर्मांतरविरोधी विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये नाताळच्या तोंडावर विधानसभेत मंजूर झालं, तेही आपल्याच बेळगावच्या विधानभवनात, सुवर्ण सौधमध्ये. पुढे २०२२ मध्ये त्याचा कायदा झाला. त्यात प्रलोभनाच्या व्याख्येत भेटवस्तू आहे, आणि समोरची व्यक्ती अल्पवयीन असेल तर शिक्षा ३ ते १० वर्षांची ठेवली होती. जून २०२३ मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळानं तो मागे घ्यायचं ठरवलं खरं, पण पालकांच्या मनातली धास्ती मंत्रिमंडळाच्या ठरावानं जात नाही. घटनेचं कलम २५ आपल्याला श्रद्धा बाळगायचा, आचरायचा आणि तिचा प्रसार करायचा हक्क देतं. त्याच वेळी सर्वोच्च न्यायालयानं १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात प्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याला धर्मांतरित करण्याचा हक्क नव्हे, असं स्पष्ट केलंय. मोठ्या मुलांना मी हे दोन्ही शिकवते. काही टीचरना वाटतं की यानं मुलं घाबरतील. माझ्या वर्गात उलटं झालं. काय करायचं नाही ते नेमकं कळल्यावर उरलेल्या बाबतीत ती मोकळी झाली.

दोरीच्या निमित्तानं झालेलं सगळ्यात उपयोगी काम म्हणजे मुलांना खरोखर कोणते प्रश्न विचारले जातात ते आम्ही वहीत लिहायला लागलो. मण्यांचा अर्थ त्यात फारच थोडा होता. तेच तेच तीन-चार प्रश्न होते: तू आरतीला का येत नाहीस? प्रसाद का घेत नाहीस? तुम्हाला पैसे मिळतात ना? तुम्ही इंग्रजांच्या वेळी बाटलात ना?

शेवटच्या दोन प्रश्नांना मुलं चिडायची. आता चिडत नाहीत, कारण त्यांना माहिती आहे. लंडन मिशनरी सोसायटीचं काम बेळगावात १८२० मध्ये सुरू झालं, म्हणजे आमच्यातली काही घरं कितीतरी पिढ्यांची इथलीच आहेत. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी अभंगाच्या चालीवर ख्रिस्ताची गाणी लिहिली, पंडिता रमाबाईंनी बायबलचं मराठी भाषांतर केलं. हे सांगताना मुलांचा आवाज बदलतो. अकरावीतल्या एका मुलानं मित्राला टिळकांचं भजन मोबाइलवर ऐकवलं, तर तो म्हणाला, "अरे, हे तर आमच्या भजनासारखंच लागतंय की." पाचही मण्यांनी मिळून जे झालं नाही ते तिथं झालं. दोघांत पुढे अर्धा तास बोलणं झालं म्हणे.

प्रसादाच्या प्रश्नाला एकच ठरलेलं उत्तर नाही, आणि मी दिलेलंही नाही. आमच्याच मंडळीत त्यावर दोन मतं आहेत. मुलांना एवढंच सांगितलं की नाही म्हणायचं असेल तर हात जोडून, हसून म्हणा, तोंड वाकडं करून नको. बायबलमधल्या पेत्राच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात तुमच्या आशेचं कारण विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार असा म्हटलंय, आणि लगेच ते सौम्यपणे द्या असंही म्हटलंय. आपल्याकडे पहिलं अर्धं वचन भिंतीवर लावतात.

साक्षीचंही, म्हणजे देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते सांगण्याचंही, असंच. कन्व्हेन्शनमध्ये, म्हणजे मंडळ्यांच्या मोठ्या मेळाव्यात, साक्ष म्हटली की स्टेजवरचे काका आधी दारू, मग मारामारी, मग प्रभू असं सांगतात. ख्रिस्ती घरात जन्मलेल्या चौदा वर्षांच्या मुलीनं काय सांगायचं? एकीनं मला खरंच विचारलं की टीचर, माझ्याकडे 'आधी' काहीच नाही, तर मी साक्ष देऊ शकत नाही काय? मी तिला योहानाच्या नवव्या अध्यायातला जन्मांध माणूस दाखवला. त्याला परूशी, म्हणजे तेव्हाचे कर्मठ धर्मपंडित, शास्त्रावरून कोंडीत पकडतात, तर तो म्हणतो, ते मला ठाऊक नाही, मी आंधळा होतो आणि आता मला दिसतं. त्याला जेवढं माहीत तेवढंच तो बोलतो. आता आमच्या वर्गात दर रविवारी दोघंजण त्या आठवड्यातली एकच गोष्ट सांगतात, दोन मिनिटांत, 'धन्य', 'अभिषेक' असले शब्द न वापरता. कॉपी करायची संधी होती, केली नाही. भावाशी अबोला होता, मी आधी बोललो. हेच मग शाळेत विषय निघाला की तोंडात येतं. इथं दोरीची गरज पडत नाही.

प्रार्थनेबद्दल थोडं सावधपणे लिहिते. एका मुलीच्या मैत्रिणीचे पप्पा दवाखान्यात होते. डब्याच्या सुट्टीत ती रडायला लागली, तेव्हा आमची मुलगी एवढंच म्हणाली, "मी तुझ्या पप्पांसाठी घरी प्रार्थना करू काय? तुला चालेल काय?" ती हो म्हणाली. तिथं डोक्यावर हात ठेवणं नाही, बरे होतीलच असं सांगणं नाही. ते मी सक्त मना केलंय. शिक्षेच्या भीतीनं नव्हे, बरं होणं आपल्या हातात नाही म्हणून. पुढचे कितीतरी दिवस आमची मुलगी रोज "पप्पा कसे आहेत ग?" म्हणून विचारत राहिली. मैत्रिणीच्या आईनं एक दिवस स्वतःच फोन करून हिची चौकशी केली. यातून कुणी मंडळीत आलं का, असं मला एका वडीलधाऱ्यांनी विचारलं. आलं नाही. तो हिशेब मी ठेवतही नाही, आणि तुमच्या कमिटीनं मागितला तरी देऊ नका. मुलांवर आकड्याचं ओझं आलं की ती मैत्रिणीकडे माणूस म्हणून बघायची थांबतात.

दोरीसोबत फोनवरचं बायबल अॅप वापरलं, त्याबद्दल थोडक्यात. आमची निम्मी मुलं कन्नड किंवा इंग्लिश मीडियमची. मराठी फाडफाड बोलतात, पण देवनागरी वाचताना अडखळतात, आणि जुन्या भाषांतराची भाषा तर त्यांना जडच जाते. त्यांच्यासाठी ऐकायची सोय फार चांगली. सोप्या मराठीतली आवृत्तीही मिळते. कन्नड मित्राला त्याच वचनाचं कन्नड लगेच काढून दाखवता येतं, हा सीमाभागातला मोठा फायदा. शाळेत फोन चालत नाही, त्यामुळे याचा उपयोग ट्यूशननंतर आणि बसमध्येच.

मित्राला उपासनेला बोलवायचं तर त्याच्या आईवडिलांनी आपल्या पालकांना फोनवर हो म्हणायला हवं, नाहीतर नाही. नाताळचा फराळ मात्र बिनधास्त वाटा. दिवाळीला त्यांच्या घरून आपल्याकडे येतो, नाताळला आपल्याकडून जातो, हे पिढ्यान् पिढ्या चाललंय. करंजीला प्रलोभन म्हणणारा मला तरी अजून भेटला नाही. आमच्याकडे यंदा सगळ्यात जास्त बोलणं या ताटांवरच झालं. मित्र घरी आले, येशूजन्माच्या देखाव्यातला गोठा बघितला, हे बाळ गोठ्यात का म्हणून विचारलं, आणि पोरांनी आपल्या भाषेत सांगितलं.

तर घ्यावी का? सहावी-सातवीपर्यंत नक्की घ्या. आठवीच्या पुढे घ्यायची तर दोरी बनवणं हा एका रविवारचा कार्यक्रम समजा आणि पुढचे रविवार मुलांच्या प्रश्नांच्या वहीला द्या. मणी मे महिन्यातल्या व्हीबीएसमध्ये, म्हणजे सुट्टीतल्या बायबल शाळेत, ओवून ठेवा, शाळा उघडल्यावर कुणाला वेळ नसतो. आणि पिवळा आणि लाल मणी एकमेकांपासून आणखी लांब जातील असा क्रम लावला तरी चालतो, मुलांना गोष्ट मागेपुढे करून सांगता येते.